केडगावची भविष्यवाणी

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझे कॉलेजातील दोन जुने स्नेही, एक शिरूरचा व एक दौंडचा, आमच्या पुण्याच्या घरी चार दिवस राहावयास आले होते. सकाळचा चहा, दुपारची वामकुक्षी आणि रात्री अंगणात सतरंजीवरची बैठक, असा आमचा क्रम असे. अशाच एका बैठकीत शिरूरच्या स्नेह्याने मनातले दुःख बोलून दाखविले. त्याची मुलगी तिशीच्या आतच वैधव्य येऊन माहेरी परतली आहे. हे कुंडलीत होतेच, असे कोणा ज्योतिष्याने मागाहून सांगितले, आणि तेव्हापासून तिच्या पुढील शिक्षणाची गोष्टच त्याने सोडून दिली. "भविष्यापुढे कोणाचे चालले आहे?" असे तो म्हणाला.

दौंडचा मित्र ख्रिस्ती आहे. तो शांतपणे म्हणाला, "आमच्या बायबलातही भविष्ये पुष्कळ आहेत; पण ती ऐकून हात जोडून बसावे, यासाठी ती सांगितलेली नाहीत." मग माझ्याकडे वळून, "तू इतिहास शिकवितोस. केडगावची हकीकत याला सांग," असा त्याने आग्रह धरला.

केडगाव हे दौंड तालुक्यातीलच गाव. पंडिता रमाबाईंचे 'मुक्तिसदन' तेथे उभे राहिले. भविष्यावर भिस्त ठेवण्याचे फळ रमाबाईंनी बालपणीच भोगले होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरत, आणि द्रव्यप्राप्तीसाठी जी जी व्रते व अनुष्ठाने कोणी सांगितली, ती ती या कुटुंबाने केली. तरीही 1874 च्या दुष्काळात आईबाप अन्नावाचून गेले. 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी वारले, तेव्हा रमाबाई अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या व कडेवर तान्ही मनोरमा होती. नशिबाला दोष देत बसण्यास याहून सबळ कारण कोणते हवे? पण त्या बसल्या नाहीत. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, 1889 मध्ये मुंबईत 'शारदासदन' काढले, आणि 1896–97 च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन उपाशी मुली व विधवा गोळा करून आणल्या. 1900 च्या सुमारास केडगावातील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली होती.

'मुक्ति' या नावामागे यशया या संदेष्ट्याची भविष्यवाणी आहे. नगरीच्या तटांना तारण हे नाव पडेल, असे तो सांगतो. इब्री भाषेत अशा पुरुषाला 'नबी' म्हणतात. नबी हा ईश्वराच्या वतीने बोलणारा. ग्रहगणित करणारा नव्हे. योना या नबीने निनवे शहराचा चाळीस दिवसांत नाश होईल असे सांगितले. शहराने पश्चात्ताप केला आणि नाश टळला. भविष्य खोटे ठरले, तरी त्याचे कार्य झाले!

केडगावात असे भविष्य घाणा, हातमाग व छापखाना यांच्या मध्येच राहत असे. 29 जून 1905 च्या उत्तररात्री एका मुलीच्या अंगावर आग उतरल्याचे तिच्या सोबतिणीला दिसले. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, आणि पाणी ओतणार इतक्यात, मुलगी जळत नाही, हे तिच्या ध्यानात आले. आश्रमातील अमेरिकन सहकारी मिनी एब्रम्स यांनी ही हकीकत आपल्या पुस्तकात प्रसिद्ध केली. दौंडला अनाथ मुलांचा आश्रम चालविणारे आल्बर्ट नॉर्टन हे मुक्तीत पाहुणे म्हणून येत. इंग्रजी न जाणणाऱ्या एका मुलीच्या तोंडून आपण इंग्रजी प्रार्थना ऐकली, असे त्यांनी लिहिले आहे.

या चमत्कारांची शहानिशा करणे इतिहासाच्या हाती नाही. परंतु केडगावकरांना यात योएल या नबीचे वचन खरे होताना दिसले, एवढे निश्चित. त्या वचनात ईश्वराचा आत्मा दासींवरही ओतला जाईल असे म्हटले आहे. ज्यांचे तोंडही पाहू नये असे घरच्यांनी ठरविले होते, अशा कित्येक मुली पुढे टोळ्या करून भोवतालच्या खेड्यांत उपदेशास जाऊ लागल्या. रमाबाई स्वतः इब्री व ग्रीक शिकून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत सबंध बायबलाचे भाषांतर करीत होत्या. त्याचे खिळे जुळविणाऱ्याही मुक्तीतील स्त्रियाच. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई निवर्तल्या, त्यापूर्वी ते काम त्यांनी पुरे केले होते.

माझे बोलणे संपल्यावर शिरूरच्या स्नेह्याने एवढेच विचारले, "ती बादली घेऊन धावणारी कोण होती?" तिचे नाव मला सांगता आले नाही. तथापि मला तीच अधिक जवळची वाटते. जळताना दिसले, तेव्हा ती कुंडली पाहावयास गेली नाही. पाणी आणावयास गेली.

तिसऱ्या दिवशी दोघेही दौंडच्या गाडीने निघाले. केडगावला उतरून न्हावऱ्यावरून शिरूरला जाता येते. आपण त्याच वाटेने जाऊ, असे शिरूरच्या स्नेह्याने निघताना स्वतःहूनच सांगितले. मुलीविषयी तो काही बोलला नाही, आणि मीही विचारले नाही.