कागदावरचा बेत : घरी शिवलेल्या अंतर्वस्त्रांची गोष्ट (थ्रेड)

१/
२०१५ साली लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये युद्धकाळातील कपड्यांचे एक प्रदर्शन भरले होते. गणवेश, गॅस-मास्कच्या पिशव्या आणि ठिगळे लावलेल्या कोटांच्या सोबतीला तेथे रेशमाची एक ब्रा आणि तिच्या जोडीची चड्डी मांडलेली होती. जवळ जाऊन पाहिले की त्या रेशमावर रस्ते दिसत, गावांची नावे वाचता येत. ते कापड म्हणजे इटलीचा छापील नकाशा होता.

२/
दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या प्रदेशात विमान पडलेच, तर वैमानिकाला वाट काढता यावी म्हणून ब्रिटिश गुप्तचर विभाग असे रेशमी नकाशे देत असे. रेशीम घडी केल्यावर मुठीत मावते, भिजले तरी टिकते आणि उलगडताना कागदासारखे वाजत नाही. असा एक नकाशा हवाई दलातील मित्राकडून पॅट्रिशिया माउंटबॅटन यांच्याकडे आला आणि त्याची अंतर्वस्त्रे झाली. हिंदुस्थानचे शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांची ही थोरली कन्या. व्हाइसरॉयच्या घराण्यातही रेशीम असे मिळवावे लागत होते, यावरून त्या काळातील टंचाईची कल्पना यावी.

३/
नकाशा सपाट आणि चौकोनी असतो. शरीर तसे नसते. सपाट कापडातून गोलाई काढायची तर कोठे कापायचे, कोठे टक्स घालायचे आणि शिवणीला किती माया सोडायची, हे आधी ठाऊक हवे. मराठीत याला ‘बेतणे’ असा नेमका शब्द आहे. मनसुब्यांचे आणि मेजवानीचे ‘बेत’ही त्याच घरातले. शिवण्यापेक्षा बेतणे अवघड, हे कोणतीही शिवणारी सांगेल. हे बेतण्याचे ज्ञान शिंप्याच्या हातातून सुटून पातळ कागदावर उतरले आणि आज तेच संगणकावरच्या फाइलींतून पुन्हा घराघरांत पोहोचत आहे.

४/
एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील बाईच्या अंतर्वस्त्राला कागदी नमुन्याची फारशी गरजच नव्हती. शेमीज म्हणजे आतून घालायचा लांब, सैल सदरा. तो आयत, चौकोन आणि त्रिकोण एवढ्यांतूनच बेतला जाई. काखेत चौकोनी ठिगळ, घेरासाठी बाजूंना कळ्या. कापडाची चिंधीही वाया जात नसे. १८३८ साली लंडनमध्ये निघालेल्या ‘द वर्कवुमन्स गाइड’ या पुस्तकात असे बेत आकृत्यांसह दिले आहेत. मापे आणि घड्या लक्षात राहिल्या की काम होई.

५/
अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यांना मात्र नमुना लागतोच. न्यूयॉर्कमध्ये एलेन डेमोरेस्ट आणि त्यांचे पती विल्यम यांनी १८६० च्या सुमारास आपल्या फॅशनच्या नियतकालिकाबरोबर कागदी नमुने विकायला आरंभ केला. एक गोष्ट आताच नोंदवून ठेवावी, पुढे लागेल : एलेनबाईंच्या कार्यशाळेत कृष्णवर्णीय स्त्रिया गोऱ्या स्त्रियांच्या बरोबरीने काम करीत. त्या काळातल्या अमेरिकेत हे धाडसच होते.

६/
नाव मात्र झाले एबेनेझर बटरिक या शिंप्याचे. मॅसॅच्युसेट्समधील स्टर्लिंग या गावी १८६३ साली त्याने एकच कपडा अनेक मापांत, प्रत्येक मापाचा वेगळा नमुना करून विकायला काढला. ही कल्पना त्याची पत्नी एलेन हिने सुचवली, असे सांगितले जाते. आरंभी पुरुषांचे व मुलांचे कपडे होते. स्त्रियांचे नमुने काही वर्षांनी आले. पातळ टिश्यू कागदामुळे अख्खा झगा एका पाकिटात मावू लागला आणि टपालाने जाऊ लागला. गावात शिंपी नसला तरी पोस्ट होतेच.

७/
याच काळातला दुसरा मार्ग अधिक मौजेचा आहे. १८६७ साली निघालेल्या ‘हार्पर्स बझार’ साप्ताहिकाच्या पुरवणीत एकाच मोठ्या कागदावर अनेक कपड्यांच्या नमुन्यांच्या रेषा एकमेकींवर छापलेल्या असत. एखाद्या मोठ्या रेल्वे जंक्शनचा नकाशा वाटावा असा तो गुंता. आपल्याला हवी ती रेषा शोधायची आणि दुसऱ्या कागदावर गिरवून घ्यायची. आजच्या डिजिटल नमुन्यात सात-आठ मापे एकात एक छापलेली पाहून जे गोंधळतात, त्यांच्या पणजीच्या पणजीचाही असाच गोंधळ झाला असणार.

८/
पाकिटातल्या टिश्यूवर मात्र बहुधा काहीच छापलेले नसे! नुसती भोके आणि खाचा. लहान भोक म्हणजे टक्स, मोठे भोक म्हणजे कापडाच्या उभ्या धाग्याची दिशा, खाच म्हणजे दोन तुकडे जुळवायची जागा. अर्थ काय तो पाकिटावर वाचायचा. मॅकॉल कंपनीने १९२० च्या आसपास रेषा आणि सूचना थेट नमुन्यावर छापायला घेतल्या. तरीही भोकांचे कोरे नमुने पुढे कित्येक वर्षे निघत राहिले. जुने पाकीट उघडून आत अक्षरही नाही हे पाहिल्यावर आजचा हौशी संग्राहक चक्रावतो, तो यामुळे.

९/
अंतर्वस्त्रांच्या इतिहासातला एक ठळक प्रसंगही घरातच, सुईदोऱ्याने घडला. १९१० साली न्यूयॉर्कमधील मेरी फेल्प्स जेकब या तरुणीला एका समारंभाला जायचे होते. पातळ झग्यातून कॉर्सेटच्या ताठ कांड्या उठून दिसू लागल्या. तिने मोलकरणीच्या मदतीने दोन रेशमी हातरुमाल आणि गुलाबी फीत जोडून नवेच वस्त्र तयार केले. ३ नोव्हेंबर १९१४ रोजी तिला त्याचे पेटंट मिळाले. पुढे तिने ते वॉर्नर ब्रदर्स कॉर्सेट कंपनीला १,५०० डॉलरला विकले. कंपनीने त्यावर किती कमावले असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा. त्या मोलकरणीचे नाव पेटंटवर नाही.

१०/
१९२० आणि ३० च्या दशकांत उरेब कापाची लाट आली. कापड उभ्या-आडव्या धाग्याला ४५ अंशांत तिरपे धरून कापले की सुती वा रेशमी कापडही ताणले जाते आणि अंगावरून पाण्यासारखे उतरते. पॅरिसच्या मादलेन व्हिओने यांनी या कापाला कलेची उंची दिली. लहान लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून त्या प्रयोग करीत. त्यांचा झगा सामान्य बाईच्या आवाक्यात नव्हता. पण उरेब कापाचा स्लिप, तोकड्या झुळझुळीत चड्ड्या, कॅमिसोल आणि चड्डी एकत्र असलेले कॅमीनिकर यांचे नमुने काही सेंटांत किंवा पेन्सांत मिळत. १९२७ साली आलेल्या सिम्प्लिसिटी कंपनीचा नमुना अवघ्या १५ सेंटांचा होता. रेशमाऐवजी रेयॉन, म्हणजे ‘नकली रेशीम’, घेतले की संपूर्ण वस्त्र स्वस्तात होई.

११/
उरेबात एक फसगत असते. शिवून झाले की लगेच खालची दुमड घालायची नाही. कपडा दिवसभर टांगून ठेवायचा. तिरपे धागे आपल्या वजनाने खाली ओढले जातात, घेर वाकडातिकडा होतो, मग तो सारखा कापून दुमडायचा. नव्वद वर्षांपूर्वी हे करावे लागे, आजही करावे लागते. फाइल डाउनलोड झाली म्हणून कापडाचा स्वभाव बदलत नाही.

१२/
आता मापांचा प्रश्न. नमुना ‘३६ इंच छातीचा’ म्हटला, तर त्या बाईची कंबर, पाठ, खांदे किती धरायचे? १९३९-४० मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या गृहअर्थशास्त्र विभागाने सुमारे १५,००० स्त्रियांची, प्रत्येकीची वजनासह ५९ मापे घेतली. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या या अहवालाच्या शीर्षकातच कपडे आणि नमुने यांचा उल्लेख होता. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन हे त्याचे कर्ते. मात्र हिशेबात धरली ती फक्त गोऱ्या स्त्रियांची मापे. डेमोरेस्टबाईंच्या शिवणखोलीत जिला जागा होती, तिच्या शरीराला सरकारी तक्त्यात जागा नव्हती. हीच आकडेवारी पुढे अमेरिकेतील प्रमाण मापांचा पाया ठरली.

१३/
आणि युद्ध. १ जून १९४१ रोजी ब्रिटनमध्ये कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. पहिल्या वर्षाला माणशी ६६ कुपने. लोकरी झग्याला ११, पायमोज्यांच्या जोडीला २. पुढे कुपने आणखी घटली. इकडे हिंदुस्थानात ‘कंट्रोलचे कापड’ हा शब्द आला तोही याच युद्धात, १९४३ नंतर. ब्रिटनमध्ये उत्पादकांना अंतर्वस्त्रांवर लेस किंवा भरतकाम करायला मनाई झाली. घरी शिवणाऱ्या बाईचा हात मात्र कोणी धरत नव्हते. जुन्या नाइटगाउनातून चड्डी, उसवलेल्या ब्लाउजातून कॅमिसोल, आणि काठाला आजीच्या पेटीतली लेस.

१४/
१९४३ साली सरकारने ‘मेक डू अँड मेंड’ ही पुस्तिका काढली : आहे त्यात भागवा, फाटले ते सांधा. गरीब घरांतल्या बायकांना यात नवे काय होते, हा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता. ठिगळ लावायला त्यांना सरकारी उपदेशाची गरज नव्हती. त्यांच्याकडे कापायला जुना रेशमी गाउनच नव्हता.

१५/
सर्वांना हवे होते ते पॅराशूटचे कापड. युद्ध चालू असताना ती सरकारी मालमत्ता होती, त्यामुळे हाती आलेल्या तुकड्याबद्दल फारसे बोलले जात नसे. १९४५ पासून उरलेल्या पॅराशूटच्या कळ्या विनाकुपन विकल्या जाऊ लागल्या : लांबच लांब, एका टोकाला निमुळत्या, रेशमाच्या किंवा नायलॉनच्या. नेहमीचा नमुना त्यांवर सरळ बसत नसे. तुकडे उलटसुलट मांडून, मधली शिवण चुकवून बेतावे लागे. त्यातून स्लिप निघाले, नाइटगाउन निघाले, लग्नाचे झगेही. रेशनिंग संपायला मार्च १९४९ उजाडला.

१६/
पुढच्या दशकांत तयार माल स्वस्त झाला, लवचीक धाग्याने उरेबाची जागा घेतली आणि घरी अंतर्वस्त्र शिवणे मागे पडले. नमुने कचऱ्यात गेले. ते टिकण्यासाठी बनवलेलेच नव्हते. एकदा कापायचे, चुरगळायचे, फेकायचे. मग इतिहासकारांना त्यांची किंमत कळली. न्यूयॉर्कमधील नाट्यवेशभूषेच्या अभ्यासक बेटी विल्यम्स यांनी हजारो जुने नमुने जमवले. जॉय स्पॅनबेल एमरी यांनी ऱ्होड आयलंड विद्यापीठात त्यांचे मोठे संग्रहालय उभे केले आणि संगणकावर त्यांची सूची घडवली.

१७/
पीडीएफ हा फाइलप्रकार १९९३ चा. गेल्या दोन दशकांत छोट्या विक्रेत्यांनी, बहुतेक स्त्रियांनीच, १९३० आणि ४० च्या अंतर्वस्त्रांचे बेत नव्याने आखून फाइलींच्या रूपात विकायला घेतले आहेत. घरच्या प्रिंटरवर ए-फोरची पंधरावीस पाने निघतात. कडा कापून ती चिकटपट्टीने जोडायची. पहिल्या पानावर एक छोटा चौकोन असतो, तो आधी पट्टीने मोजायचा. तो ठरल्यापेक्षा दोन मिलिमीटर कमी भरला तर ब्राचा कप हमखास बिघडतो.

१८/
जुना बेत जसाच्या तसा छापून भागत नाही. १९३४ च्या पाकिटात एकच माप असे, आणि त्या मापाची बाई कॉर्सेलेट किंवा पट्ट्याने आवळलेली गृहीत धरलेली असे. म्हणून आजच्या आखणीकारांना जुन्या रेषा राखून मापे वाढवावी लागतात, मोठ्या छातीसाठी वेगळे तुकडे काढावे लागतात, चाचणीसाठी वेगवेगळ्या बांध्यांच्या स्त्रियांकडून ते शिवून घ्यावे लागतात. १९४१ च्या तक्त्याने ज्यांना वगळले, त्यांच्यासाठी टक्सची जागा आता एकेका फाइलीत हलवली जात आहे.

१९/
संग्राहकांच्या बाजारात कारखान्याच्या घडीतला, कधीच न उलगडलेला नमुना महाग जातो. अभ्यासकाला मात्र कापलेला नमुना अधिक बोलका वाटतो. कमरेजवळ वर्तमानपत्राची पट्टी डकवून अर्धा इंच वाढवलेला. पाठीवर टाचणीने चिमटा घेतलेला. काठावर पेन्सिलीने मुलीचे नाव आणि तिचे माप. फाइल तयार करताना हे डाग, टाचण्यांची भोके आणि पेन्सिलीच्या खुणा पुसून रेषा स्वच्छ केल्या जातात. मूळ पाकिटे जपणाऱ्या संग्रहालयांत मात्र डकवलेली ती वर्तमानपत्राची पट्टीही नमुन्यासोबत घडी करून ठेवलेली असते.