क्रूझची सहल : एजंटाच्या कार्यालयात काय विचारावे?

प्रतिनिधी, मुंबई

बोटीचा प्रवास मुंबईकराला नवा नाही. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकणची बोट, डेकवर पसरलेल्या पथाऱ्या आणि पहाटे दिसणारा बंदराचा दिवा या आठवणी अनेक घरांत अद्याप सांगितल्या जातात. ती बोट गावी पोहोचण्यासाठी होती. क्रूझवर मात्र बोटीवर राहण्यासाठीच जायचे असते. निवास, भोजन, करमणूक आणि प्रवास हे सारे एकाच जहाजावर असते. जहाज बहुधा रात्री चालते आणि सकाळी प्रवाशांना नव्या बंदरात नेऊन उभे करते. निवृत्तीनंतरची पहिली मोठी सहल, आईवडिलांच्या लग्नाचा सुवर्णमहोत्सव, मुलांची दिवाळीची सुटी अशा निमित्तांनी मध्यमवर्गीय कुटुंबेही आता या सहलीचा विचार करू लागली आहेत.

मात्र क्रूझचे पैसे अनेक महिने आधी भरावे लागतात आणि चूक दुरुस्त करण्याची संधी फार थोडी असते. गाडी चुकली तर पुढची गाडी मिळते. जहाज चुकले तर बहुतेक वेळा सहलच संपते. म्हणूनच इंटरनेटवर दर सहज दिसत असतानाही पहिल्या क्रूझसाठी अनेक जण जवळच्या ट्रॅव्हल एजंटाकडे जातात. एजंटाचा खरा उपयोग स्वस्त तिकीट मिळवण्यात नसून अटी, कागदपत्रे आणि तारखा यांचा मेळ घालण्यात आहे. हे लक्षात घेऊन गेल्यास योग्य प्रश्न विचारता येतात.

कुठून निघावे?

महाराष्ट्रातील पर्यटकापुढे साधारणपणे तीन पर्याय असतात. पहिला मुंबईहूनच निघण्याचा. ‘सुपरस्टार लिब्रा’ हे जहाज २००५ मध्ये मुंबईत आले, ‘कर्णिका’ २०१९ मध्ये, तर सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’ जहाजाने मुंबईहून गोवा, कोची आणि लक्षद्वीपच्या फेऱ्या सुरू केल्या. इंदिरा गोदीतील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. या फेऱ्या सहसा दोन ते पाच रात्रींच्या असतात. अरबी समुद्र पावसाळ्यात खवळलेला असल्याने मुंबईचा हंगाम मुख्यत्वे पावसाळ्यानंतरचा असतो, हे सुटी ठरवताना ध्यानात घ्यावे.

दुसरा पर्याय विमानाने सिंगापूरला जाऊन तेथून तीन-चार रात्रींची क्रूझ घेण्याचा. मुंबई-सिंगापूर विमानप्रवास सुमारे साडेपाच तासांचा आहे आणि क्रूझला जोडून सिंगापूरही पाहता येते. तेथे मरिना बे आणि हार्बरफ्रंट अशी दोन क्रूझ केंद्रे आहेत. जहाज कोणत्या केंद्रातून सुटणार, हे तिकिटावर पाहून ठेवावे. तिसरा पर्याय भूमध्य समुद्र किंवा अलास्का येथील सुमारे आठवडाभराच्या सहलींचा. त्यांचा खर्च आणि व्हिसाची तयारी दोन्ही मोठी असते. जहाज सोसते की नाही, हे ठाऊक नसलेल्यांनी छोट्या फेरीपासून सुरुवात करणे श्रेयस्कर.

जाहिरातीतील दर आणि अंतिम बिल

जाहिरातीत ठळकपणे छापलेला दर बहुधा एका केबिनमध्ये दोघे राहतील असे गृहीत धरून, प्रत्येक व्यक्तीसाठी दिलेला असतो. एकट्या प्रवाशाला जवळजवळ दोघांचे भाडे द्यावे लागू शकते. उलट त्याच केबिनमधील तिसऱ्या आणि चौथ्या व्यक्तीचे भाडे बरेच कमी असते. त्यामुळे चौघांच्या कुटुंबासाठी एक केबिन घ्यावी की दोन, हा पहिला हिशेब एजंटाकडून दोन्ही प्रकारे मांडून घ्यावा.

मूळ भाड्यावर बंदरशुल्क आणि कर लागतात. परदेशी कंपन्यांच्या जहाजांवर कर्मचाऱ्यांसाठीचे सेवाशुल्क, म्हणजेच ग्रॅच्युइटी, दर माणशी दर रात्री आकारली जाते. ती लहान मुलांनाही लागू होत असल्याने कुटुंबाची बेरीज वाढते. मद्य, शीतपेये, इंटरनेट, स्पा, खास उपाहारगृहे आणि बंदरावर उतरल्यानंतरच्या सहली यांचे पैसे बहुधा वेगळे असतात. जहाजावर रोखीचा व्यवहार नसतो. प्रत्येक खर्च प्रवाशाच्या कार्डावर नोंदला जातो आणि बिल अखेरच्या दिवशी हाती पडते. विमानभाडे, व्हिसाशुल्क, विमा आणि आदल्या रात्रीचे हॉटेल धरल्यानंतरच सहलीचा खरा आकडा समोर येतो.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस, म्हणजे रक्कम स्वीकारतानाच घेतला जाणारा कर, लागू झाला आहे. त्याचे दर आणि मर्यादा त्यानंतर एकाहून अधिक वेळा बदलल्या. त्यामुळे पैसे भरण्याच्या दिवशी कोणता दर लागू आहे, हे विचारून घ्यावे. हा कर आपल्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना देय करातून वळता होतो किंवा परत मिळतो. त्यासाठी बिल कोणाच्या नावाने आणि कोणाच्या पॅनवर निघणार, हे आधीच ठरवणे आवश्यक आहे.

केबिन कोणती?

केबिन मुख्यत्वे चार प्रकारच्या असतात : खिडकी नसलेली आतली, समुद्राकडे खिडकी असलेली, बाल्कनीची आणि स्वीट. आतली केबिन स्वस्त असली तरी तिथे दिवसाही काळोख असतो. दिवसभर डेकवर रमणाऱ्यांना तिचे काही वाटत नाही. बराच वेळ खोलीत विश्रांती घेणाऱ्या ज्येष्ठांना मात्र ती कोंदट वाटण्याची शक्यता असते. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर हेलकावे कमी जाणवतात. ज्यांना गाडी लागते त्यांनी हे एजंटाला स्पष्ट सांगावे.

काही स्वस्त योजनांत केबिनचा फक्त प्रकार ठरतो, क्रमांक कंपनी नंतर देते. अशा वेळी दोन कुटुंबांना शेजारच्या केबिन मिळतीलच असे नाही. पैसे भरण्यापूर्वी एजंटाकडून जहाजाचा मजलेवार आराखडा मागून घ्यावा आणि वर नृत्यगृह किंवा खाली यंत्रघर नाही ना, लिफ्ट किती दूर आहे, हे पाहावे.

नाव, पासपोर्ट आणि व्हिसा

सर्वाधिक गफलती याच टप्प्यावर होतात. मराठी नावांत वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये येते. पासपोर्टवर ते कधी असते, कधी नसते. विवाहानंतर बदललेले नाव आधार कार्डावर आले, पण पासपोर्टवर माहेरचेच राहिले, असेही घडते. विमानाचे तिकीट, क्रूझचे आरक्षण आणि व्हिसा या तिन्हींवरील नाव पासपोर्टप्रमाणेच हवे. एजंटाला नाव तोंडी न सांगता पासपोर्टची प्रत द्यावी आणि पैसे भरण्यापूर्वी आरक्षणातील अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. सहल संपण्याच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असणे इष्ट.

व्हिसाच्या बाबतीत क्रूझचे गणित वेगळे आहे. जहाज एका देशातून निघून दुसऱ्या देशात जाते आणि पुन्हा पहिल्या देशात परतते. उदाहरणार्थ, ग्रीसहून निघालेले जहाज तुर्कस्तानच्या बंदराला लागून ग्रीसला परत येणार असेल, तर प्रवाशाने शेंगेन क्षेत्रात दोनदा प्रवेश केल्यासारखे होते. अशा वेळी एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा पुरत नाही. अनेक प्रवेशांचा लागतो. मार्गातील ज्या बंदरावर उतरायचे नाही, त्या देशाचाही व्हिसा कंपनी मागू शकते. म्हणून बंदरांची संपूर्ण यादी एजंटापुढे ठेवून प्रत्येक देशाचा नियम लिहून घ्यावा.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि किमान पंधरा दिवस आधी करता येतो. प्रत्यक्षात सुटीच्या हंगामात भेटीची वेळ मिळण्यासच आठवडे लागतात. सिंगापूरच्या व्हिसासाठी भारतातील अर्ज अधिकृत व्हिसा एजंटांमार्फत दाखल होतात. देशांतर्गत क्रूझला सरकारी छायाचित्र ओळखपत्र चालते. पण लक्षद्वीपला भारतीय पर्यटकांनाही प्रवेशपरवाना लागतो आणि त्याची कागदपत्रे आधीच द्यावी लागतात.

एजंटाची पारख

क्रूझ कंपनी एजंटाला कमिशन देते. त्यामुळे त्याच्याकडील मूळ भाडे अनेकदा कंपनीच्या दराइतकेच असते. एखादा दर अवाजवी स्वस्त दिसला तर त्यात काय वगळले आहे, हे आधी शोधावे. एजंट ट्रॅव्हल एजंट्स असोसिएशन ऑफ इंडिया या १९५१ साली स्थापन झालेल्या संघटनेचा किंवा अन्य मान्य संघटनेचा सदस्य आहे का, त्याच्याकडे जीएसटी क्रमांक आहे का, त्याने स्वतः किंवा त्याच्या ग्राहकांनी त्या जहाजावर प्रवास केला आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

पैसे कार्यालयाच्या बँक खात्यावरच भरावेत, व्यक्तीच्या खात्यावर नव्हे. आगाऊ रक्कम भरल्यावर केवळ एजंटाची पावती पुरेशी नाही; क्रूझ कंपनीचा आरक्षण क्रमांक मागावा आणि तो कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा कार्यालयात स्वतः पडताळावा. एजंटाने पैसे पुढे पोहोचवले आहेत की नाहीत, हे त्यातूनच कळते.

कंपनीची स्थितीही पाहणे अगत्याचे आहे. ‘कर्णिका’ चालवणाऱ्या जलेश क्रूझेसने ऑक्टोबर २०२० मध्ये व्यवसाय बंद केला. ‘जेंटिंग ड्रीम’सारखी जहाजे चालवणारी गेंटिंग हाँगकाँग ही कंपनी जानेवारी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली. करोनाच्या काळातील या घटना अपवादात्मक असल्या, तरी फेरी रद्द झाल्यास रोख परतावा मिळणार की पुढील सहलीचे क्रेडिट, हा प्रश्न त्यांनी कायमचा महत्त्वाचा करून ठेवला.

रद्द झाल्यास

बहुतेक कंपन्यांत प्रस्थानाची तारीख जवळ येईल तसतशी रद्द करण्याची कपात वाढत जाते आणि अखेरच्या टप्प्यात पूर्ण रक्कम बुडते. यात कंपनीची कपात किती आणि एजंटाची किती, हे वेगवेगळे लिहून घ्यावे. व्हिसा नाकारला गेल्यास काय, हेही त्यात यावे. हवामानामुळे एखादे बंदर वगळण्याचा अधिकार कंपनी अटींमध्ये स्वतःकडे राखून ठेवते. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी जहाज खोल समुद्रात थांबते आणि प्रवाशांना छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेले जाते. समुद्र खवळला तर तेथे उतरता येत नाही, आणि त्याबद्दल पूर्ण भरपाईची अपेक्षा धरता येत नाही.

एजंटाने लेखी दिलेले पाळले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तेथे तोंडी आश्वासनापेक्षा ई-मेल, पावती आणि अटींचा कागदच उपयोगी पडतो.

ज्येष्ठ, मुले आणि आहार

जहाजावर डॉक्टर असतात, पण त्यांचे शुल्क बरेच असते आणि गंभीर प्रसंगी रुग्णाला किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च फारच मोठा येतो. म्हणून क्रूझचा समावेश असलेला आणि पूर्वीपासूनच्या आजारांबाबत स्पष्ट उल्लेख असलेला प्रवासविमा घ्यावा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण बंधनकारकच आहे. चोवीस आठवडे वा त्याहून अधिक गर्भवती असलेल्या महिलांना आणि सहा महिन्यांखालील बालकांना बहुतेक मोठ्या कंपन्या प्रवेश देत नाहीत. चाकाची खुर्ची, शाकाहारी किंवा जैन भोजन, उपवासाचे दिवस यांची नोंद आरक्षणाच्या वेळीच करून घ्यावी; जहाज सुटल्यावर नवे साहित्य भरता येत नाही.

निघण्याच्या दिवशी

परदेशातून जहाज पकडायचे असल्यास आदल्या दिवशीच त्या शहरात पोहोचावे. विमान उशिरा आले म्हणून जहाज थांबत नाही. प्रस्थानाच्या तास-दीड तास आधी प्रवेश बंद होतो. औषधे, चिठ्ठी आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवावेत, कारण मोठे सामान केबिनमध्ये पोहोचण्यास काही तास लागतात. जहाज सुटण्यापूर्वी होणारी सुरक्षेची कवायत टाळू नये. जानेवारी २०१२ मधील ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ दुर्घटनेनंतर याबाबतचे आंतरराष्ट्रीय नियम अधिक कडक झाले. भर समुद्रात मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवावा, अन्यथा जहाजाच्या नेटवर्कचे रोमिंग बिल धक्का देऊन जाते.

एजंटाकडून लेखी घ्यावयाची उत्तरे

• सर्व कर, शुल्क आणि ग्रॅच्युइटी धरून कुटुंबाचा एकूण खर्च किती? कशाचा समावेश नाही?
• केबिनचा क्रमांक आणि मजला कोणता?
• प्रत्येक बंदरासाठी कोणता व्हिसा, किती प्रवेशांचा?
• उर्वरित रक्कम भरण्याची अंतिम तारीख कोणती?
• रद्द केल्यास कोणत्या तारखेला किती कपात?
• कंपनीचा आरक्षण क्रमांक काय?
• प्रवासात अडचण आल्यास रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा?

चांगला एजंट या प्रश्नांनी त्रासत नाही. उलट काही प्रश्न तोच आधी उपस्थित करतो. ‘ते सगळे होऊन जाईल’ एवढेच उत्तर मिळत असेल, तर आगाऊ रकमेचा धनादेश लिहिण्यापूर्वी दुसऱ्या कार्यालयाची पायरी चढणे हिताचे.