जिंगलच्या शाळेत शिकलेलं शीर्षकगीत

देवकी पंडित यांचा सूर टीव्हीवर लागला की स्वयंपाकघरातून हाक यायची, ‘लागली का गं?’ गॅस बारीक करून, ओले हात पदराला पुसत आई दारापर्यंत येईतो गाणं संपत आलेलं असे. घरातल्या माणसांना कामातून उठवून आणायला तेवढाच वेळ पुरे होता. 1999 साली ‘अल्फा टीव्ही मराठी’ वाहिनी सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या ‘आभाळमाया’ मालिकेच्या शीर्षकगीतानं अनेक मराठी घरांना अशी सवय लावली. शब्द मंगेश कुलकर्णी यांचे, चाल अशोक पत्की यांची.

हे गाणं बांधलंय कसं, ते जवळून ऐकण्यासारखं आहे. वाक्यं दोन-तीन शब्दांचीच, पण जवळजवळ प्रत्येकाला स्वतःचं क्रियापद. एक वाक्य संपतं न संपतं तोच दुसरं त्याच मापाचं पुढे येतं. मालिकेचं नाव मात्र शेवटपर्यंत राखून ठेवलेलं. जाहिरातीच्या जिंगलमध्ये मालाचं नाव जिथं येतं, नेमकं तिथंच.

पत्की त्या कलेत मुरलेले होते. त्यांनी हजारो जिंगल केल्या. ‘झंडू बाम’ आणि ‘धारा’ तेलाच्या चाली आजही अनेकांना तोंडपाठ आहेत.

जिंगलच्या या शाळेचा पाया रेडिओवर घातला गेला. नोव्हेंबर 1967 मध्ये मुंबई, पुणे आणि नागपूर इथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, आणि 1976 पासून त्या दूरदर्शनवरही आल्या. जाहिरातदाराला पैसे पडत ते सेकंदांचे. त्यामुळे संगीतकाराला लांबलचक वाद्यमेळ परवडत नसे, अंतरा तर नाहीच. पहिल्या दोन सुरांत कान टवकारले पाहिजेत आणि शेवटच्या सुरावर नाव मनात बसलं पाहिजे. एवढ्याशा जागेत भाव उभा करण्याची ही तालीम ज्यांनी वर्षानुवर्षं केली, त्यांना पुढे मालिकेच्या शीर्षकाचा दीड-दोन मिनिटांचा अवकाश म्हणजे मोकळं रानच वाटलं असेल.

संगीतकार वनराज भाटियांचंही तसंच. लंडनची रॉयल अकॅडमी, मग पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे शिक्षण, आणि मुंबईत परतल्यावर काम कसलं? जिंगलचं! ‘लिरिल’ साबणाची चाल त्यांचीच. दिग्दर्शक श्याम बेनेगलही जाहिरात क्षेत्रातूनच आलेले. या दोघांनी 1988 मध्ये दूरदर्शनवर ‘भारत एक खोज’ ही 53 भागांची मालिका सुरू केली, तेव्हा शीर्षकासाठी ऋग्वेदातलं नासदीय सूक्त घेतलं. आधी संस्कृत, मग वसंत देव यांचं हिंदी रूप. सृष्टीच्या आरंभाविषयीचा इतका अवघड प्रश्न भारतभरच्या बैठकीच्या खोल्यांत दर आठवड्याला घुमत होता, आणि शाळकरी पोरं अर्थ न कळता तो गुणगुणत होती. दूरदर्शनच्या साऱ्या इतिहासात याहून धाडसी शीर्षकगीत सापडणं कठीण.

सगळेच काही या शाळेतले नव्हते. त्याच वर्षी आलेल्या ‘महाभारत’ला महेंद्र कपूर यांचा बुलंद आवाज होता, मराठी माणसानं दादा कोंडके यांच्या चित्रपटांत ऐकलेला तोच. आणि ‘मालगुडी डेज’ला तर शब्दांचीही गरज पडली नाही. आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं आणि एल. वैद्यनाथन यांची ती धून, एवढ्यावर एक अख्खं गाव उभं राहिलं.

2003 मध्ये ‘वादळवाट’ आली तीही कुलकर्णी, पत्की आणि देवकी पंडित यांचंच गाणं घेऊन. देवकी पंडित यांची तालीम पंडित जितेंद्र अभिषेकी आणि किशोरी आमोणकर यांच्याकडची. खयाल गाणाऱ्या गळ्यानं रोजच्या मालिकेसाठी गावं, यात मराठी श्रोत्याला काहीच वावगं वाटलं नाही. नाट्यसंगीतानं त्याचा कान आधीच तयार केला होता.

2017 मध्ये नेटफ्लिक्सनं सुरुवातीचं संगीत ओलांडण्याचं बटण आणलं. आता प्रेक्षक आधीच पडद्यासमोर बसलेला असतो, भाग त्याच्या सोयीनं सुरू होतो, आणि आतल्या खोलीतून कुणाला बोलावून आणायचं नसतं. ‘आभाळमाया’चं गाणं मात्र आजही मोबाइलवर मुद्दाम शोधून, मालिकेशिवाय, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं जातं.