घरी केलेल्या गाण्याचे मास्टरिंग आणि प्लगइनची निवड

घरी ध्वनिमुद्रित केलेले गाणे लोकांपर्यंत जाण्याआधी त्यावर जी शेवटची प्रक्रिया होते, तिला मास्टरिंग म्हणतात. त्याआधीचे काम मिक्सिंगचे. त्यात गायकाचा आवाज, पेटी, पखवाज, टाळ हे वेगवेगळे ट्रॅक जुळवून एक स्टीरिओ फाइल तयार होते. मास्टरिंग त्या एकाच फाइलवर होते. त्यामुळे मिक्समध्ये टाळ गायकाच्या वर चढले असतील, तर ते मास्टरिंगमध्ये वेगळे काढून खाली आणता येत नाहीत. टाळांची पट्टी दाबली की गायकाचे स, श, च हेही बोथट होतात. अशा वेळी निमूटपणे मिक्सकडे परत जावे. पत्र्याच्या छताखालच्या खोलीतला घुमाराही मास्टरिंगने जात नाही. त्यासाठी ध्वनिमुद्रणाच्या वेळीच गोधड्या आणि जाड पडदे लावावे लागतात.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात हा प्रश्न थोडा वेगळ्या रूपात समोर येतो. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासे, साईभजनांची शिर्डी, तमाशा कलावंत कांताबाई सातारकर यांचे संगमनेर, संगीतबारीसाठी ओळखले जाणारे जामखेड. इथले बरेचसे संगीत टाळ, पखवाज, ढोलकी, हलगी, संबळ यांवर उभे आहे. प्लगइनमधले तयार प्रीसेट मात्र बहुधा ड्रमसेट, गिटार आणि इलेक्ट्रॉनिक तालासाठी बेतलेले असतात.

हलगीचे उदाहरण घेऊ. तिच्या काडीचा ठोका क्षणभराचा, पण अतिशय उंच असतो. लिमिटर म्हणजे ठरवलेल्या मर्यादेपलीकडे आवाज जाऊ न देणारा प्लगइन. ‘लाउड’ नावाचा प्रीसेट लावून तो जोरात चालवला, की प्रत्येक काडीला तो सगळी फाइलच खाली दाबतो आणि पुन्हा सोडतो. ऐकणाऱ्याला गायक ठेक्याबरोबर श्वास गिळतोय असे वाटते. हलगीच्या ट्रॅकवरच, मिक्समध्ये, थोडे कॉम्प्रेशन दिले तर शेवटच्या लिमिटरवर हा भार येत नाही.

मुळात इतका मोठा आवाज कशासाठी, हेही पाहायला हवे. गाण्याचा एकूण जाणवणारा मोठेपणा एलयूएफएस या एककात मोजतात. यूट्यूब आणि स्पॉटिफाय साधारण उणे १४, तर अ‍ॅपल म्युझिक उणे १६ ही पातळी धरते. उणे ८ वर दाबून भरलेले गाणे यूट्यूबवर सुमारे ६ डेसिबलने खाली आणले जाते. म्हणजे मोठेपणा जातो आणि दाबल्यामुळे आलेला चपटेपणा तेवढा मागे उरतो. मात्र उणे १४ हा काही नियम नाही. एकट्या पेटीवरचा अभंग त्याहून हळू असला तरी चालतो आणि लग्नाच्या वरातीचे गाणे थोडे चढे ठेवले तरी बिघडत नाही. शिखर मात्र उणे १ डेसिबल ट्रू पीकच्या वर जाऊ देऊ नये, कारण फाइल एमपी३ किंवा एएसीमध्ये बदलताना शिखरे किंचित वाढतात आणि आवाज फाटतो.

प्लगइन घेताना सुरुवातीला तीनच पुरेत: मोजणारा मीटर, एक इक्वलायझर, एक लिमिटर. यूलीन लाउडनेस मीटर, व्हॉक्सेंगो स्पॅन, टीडीआर नोव्हा आणि लाउडमॅक्स हे चारही मोफत मिळतात. रीपर या सॉफ्टवेअरमध्ये इक्वलायझर, कॉम्प्रेसर आणि लिमिटर आधीच असतात. ते ६० दिवस विनामूल्य वापरून पाहता येते. विकत घेण्याआधी प्लगइन आपल्या संगणकावर चालतो का, हे तपासावे: व्हीएसटी विंडोज आणि मॅक दोन्हींवर, एयू फक्त मॅकवर, तर प्रो टूल्सला एएएक्स लागतो.

क्रॅक केलेल्या प्लगइनचा मोह मोठा असतो. त्यातून संगणकात व्हायरस शिरला, तर नुकसान सॉफ्टवेअरचे नाही, गाण्यांचे होते. गावातल्या म्हाताऱ्या भजनी बुवांचे एकदाच झालेले ध्वनिमुद्रण पुन्हा मिळत नाही.

तयार गाणे हेडफोनवर ऐकून थांबू नये. मोबाइलच्या स्पीकरवर पखवाजाच्या धुमेचा तळ जवळपास ऐकूच येत नाही. बोल कळतात की नाही, एवढेच तिथे पाहावे. मंदिराच्या किंवा मांडवाच्या स्पीकरवर अनेकदा दोन्ही बाजू एकत्र करून मोनो वाजतात. स्टीरिओ रुंद करणाऱ्या प्लगइनने पसरवलेला कोरस तिथे पातळ होतो, क्वचित गायबच होतो. म्हणून मोनोचे बटण दाबून एकदा ऐकावे. शक्यतो दुसऱ्या दिवशी सकाळी, कान ताजे असताना.

शेवटी फाइली. मास्टरिंगआधीचा मिक्स २४ बिट वेव्ह फाइलमध्ये, त्यावर लिमिटर न लावता, वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावा. व्हिडिओसाठी मास्टर ४८ किलोहर्ट्झवर, सीडीसाठी १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झवर काढावा. १६ बिटवर उतरताना डिथर एकदाच, अगदी शेवटी द्यावे.