जुन्या संगणकाचा कोणता भाग बदलावा?

बेळगावच्या खडेबाजारात, शहापुरात किंवा निपाणीच्या बाजारपेठेत लग्नपत्रिका, हस्तपत्रके आणि संस्थांचे अहवाल जुळवून देणारी जी लहान लहान दुकाने आहेत, त्यांतील मेजावरचा संगणक हेच त्या धंद्याचे मुख्य भांडवल होय. आठ-दहा वर्षांच्या वापरानंतर हे यंत्र मंदावते. सकाळी चालू केल्यावर कामास सिद्ध होईपर्यंत दुकान झाडून, उदबत्ती लावून होते. मग मालकापुढे प्रश्न उभा राहतो: यंत्र मोडीत काढावे, की त्याचा एखादा भाग बदलावा? आणि बदलावयाचा तर कोणता? हा प्रश्न वरकरणी केवळ दुरुस्तीचा वाटतो. परंतु त्यामागे चाळीस वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि तो ध्यानी घेतल्यास उत्तर शोधणे पुष्कळ सोपे होते.

शेतकरी फाळ झिजला म्हणून नांगर टाकून देत नाही. तो फाळ तेवढा लोहाराकडे नेतो. रुमणे आणि इसाड जागच्या जागी राहतात. ज्या बेळगावात १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढून आपल्या उद्योगाचा आरंभ केला आणि जेथील उद्यमबागेत आजही यंत्रांचे सुटे भाग घडतात, त्या गावाला हे तत्त्व नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु घरगुती संगणकाला हा नांगराचा गुण सहज प्राप्त झालेला नाही. तो त्याच्या घडणीत विचारपूर्वक ठेवला गेला.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेतील आयबीएम या कंपनीने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ जाहीर केला. त्यातील इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झ गतीने चाले, आणि मूळ स्मृती अवघी १६ किलोबाइट होती. आज हे आकडे हास्यास्पद वाटतील. परंतु त्या यंत्राच्या मदरबोर्डवर पुढे जोडावयाच्या कार्डांसाठी पाच खाचा होत्या, आणि गणिती प्रोसेसरसाठी एक जागा मुद्दाम रिकामी सोडलेली होती. शिवाय कंपनीने यंत्राच्या विद्युत्‌मंडलांचे आराखडेही प्रसिद्ध केले. त्यामुळे इतर कारखानदारांना त्या खाचांत बसतील अशी कार्डे बनविता आली, आणि लौकरच सबंध यंत्राच्या प्रतिकृतीही निघाल्या. आज आपल्याकडे ज्याला ‘असेंबल केलेला’ संगणक म्हणतात, त्याचा वंश येथून सुरू होतो.

भारतात नोव्हेंबर १९८४ च्या संगणकविषयक नव्या धोरणानंतर ही यंत्रे हळूहळू वाढू लागली. पण मराठी माणसापुढे गतीच्याही आधीची अडचण होती. यंत्राला इंग्रजी अक्षरे येत होती. मराठी येत नव्हती. प्रोसेसर दुप्पट वेगाचा घेतला तरी ‘क’ काही पडद्यावर उमटणार नव्हता. ही अडचण एका कार्डाने दूर केली. कानपूरच्या आयआयटीमध्ये आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे प्रभृतींनी भारतीय लिप्यांवर आरंभिलेले काम १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेत पुढे चालू राहिले, आणि त्यातून ‘जिस्ट कार्ड’ तयार झाले. संगणकाच्या रिकाम्या खाचेत हे कार्ड बसविले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉस-प्रणाली देवनागरीत काम करू लागत. यंत्र तेच, पण त्याची भाषा वाढली.

या सीमाभागाच्या दृष्टीने त्या योजनेत आणखी एक मर्म होते. तिच्यामागील संकेतप्रणाली १९९१ साली ‘इस्की’ या नावाने भारतीय मानक ठरली. तिच्यात देवनागरीतील ‘क’ आणि कन्नड लिपीतील ‘क’ यांना एकच संकेतांक दिलेला होता. मराठीत ‘ए’ एकच. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन आहेत. म्हणून दोहोंसाठी निरनिराळ्या जागाही राखलेल्या होत्या. तेव्हा एखादी नामावली देवनागरीत टंकलिखित करून तीच कन्नड अक्षरांत पाहता येई. हे भाषांतर नव्हे, केवळ लिप्यंतर. तथापि जेथे एकाच गल्लीत दुकानांच्या पाट्या दोन लिप्यांत वाचाव्या लागतात, तेथे ही सोय किती मोलाची, हे वेगळे सांगावयास नको. या कार्डाचा इतिहास पहिला धडा शिकवितो: यंत्र किती मंद आहे हे विचारण्यापूर्वी, ते आपले कोणते काम मुळीच करू शकत नाही, हे विचारावे.

पुढच्या दशकात अडचणीची जागा बदलत गेली. १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ ला निदान ४ मेगाबाइट रॅम लागे. परंतु तेवढ्यावर पेजमेकरमध्ये पत्रिका जुळविणाऱ्याची मोठीच ओढाताण होई. रॅम भरली की यंत्र तिच्यातील काही मजकूर हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. डिस्क रॅमहून कितीतरी मंद असल्यामुळे ही ने-आण फार वेळ खाते. डिस्क सारखी करकरत असे, म्हणून दोष तिच्यावर येई. खरी उणीव मात्र रॅमची असे. तेव्हा जो भाग अधिक धडपडतो तोच दोषी असतो असे नाही, हा दुसरा धडा.

२००० साली बेळगावात य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच वर्षी आलेल्या विंडोज २००० मध्ये युनिकोडनुसार देवनागरी लिहिण्याची सोय मुळातच होती. कन्नडची सोय २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये झाली. पूर्वी ज्या कामासाठी निराळे कार्ड लागे, ते आता सॉफ्टवेअर करू लागले. तात्पर्य, आज जो भाग अत्यावश्यक वाटतो तो उद्या अनावश्यक ठरू शकतो. म्हणून पुढे कधीतरी उपयोगी पडेल या भरवशावर महागडा भाग घेऊन ठेवण्यात शहाणपण नाही.

मग आजचा निर्णय कसा घ्यावा? १९६७ साली जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने जो विचार मांडला, तो येथे उपयोगी पडतो. एखाद्या कामातील जेवढा अंश आपण वेगवान करतो, तेवढ्याच अंशापुरता लाभ होतो. समजा, एका कामास दहा मिनिटे लागतात. त्यांपैकी सात मिनिटे डिस्कची वाट पाहण्यात, दोन प्रोसेसरच्या कामात आणि एक इतर गोष्टींत जाते. प्रोसेसर दुप्पट वेगाचा आणला, तर वाचेल अवघे एक मिनिट. उलट डिस्क दसपट वेगाची केली, तर सात मिनिटांची बेचाळीस सेकंद होतील आणि सारे काम पावणेचार मिनिटांच्या आत उरकेल. मात्र त्यानंतर सर्वांत मोठा वाटा प्रोसेसरचा होईल. अडचण नाहीशी होत नाही, जागा बदलते. म्हणून प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजावे.

हे मोजण्यास महागडी उपकरणे लागत नाहीत. नेहमीच्या घाईचे काम चालू असताना विंडोजमधील ‘टास्क मॅनेजर’ उघडून प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांचे आकडे पाहावेत. रॅम काठोकाठ भरलेली असेल तर प्रथम ती वाढवावी. परंतु विंडोज ३२ बिटांची असेल, तर ४ गिगाबाइटच्या वर घातलेली रॅम सामान्यतः उपयोगात येत नाही, हे आधी तपासावे. रॅम पुरेशी असूनही डिस्क सतत शंभर टक्के व्यग्र दिसत असेल, तर फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला इच्छित जागा सापडावयास सरासरी बारा-तेरा सहस्रांश सेकंद लागतात. एसएसडीत फिरावयाचे काहीच नसल्यामुळे हे काम सुमारे एक दशसहस्रांश सेकंदात होते. बहुतेक जुन्या यंत्रांत सर्वांत कमी खर्चात सर्वांत मोठा फरक याच बदलाने पडतो.

प्रोसेसर बदलण्याचा मोह मात्र आवरावा. नव्या पिढीचा प्रोसेसर बहुधा जुन्या मदरबोर्डवर बसत नाही. नवा मदरबोर्ड घेतला तर जुनी डीडीआर३ रॅम डीडीआर४ च्या खाचेत जात नाही, कारण दोहोंच्या खोबणीच निराळ्या आहेत. एका भागासाठी तीन भाग घ्यावे लागले, तर ती दुरुस्ती राहत नाही; ते जुन्या कॅबिनेटमधले नवे यंत्र होते. ग्राफिक्स कार्ड चित्रपटसंकलनास किंवा खेळांस लागते. पत्रिका जुळविणाऱ्यास त्याचा फारसा लाभ नाही. आणि काहीही विकत घेण्यापूर्वी कॅबिनेट उघडून पंख्यातील धूळ काढावी, कारण प्रोसेसर तापला की तो आपणहून आपली गती कमी करतो. यंत्र अधूनमधून एकाएकी बंद पडत असेल, तर एसएमपीएस तपासून घ्यावा. दररोज घड्याळ चुकत असेल, तर मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा छोटा सेल संपलेला असतो. तेवढ्यासाठी यंत्र म्हातारे झाले असे समजू नये.

कधी कधी मात्र यंत्राचे म्हातारपण बाहेरून लादले जाते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबविला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षासोय आणि ठरावीक पिढीनंतरचे प्रोसेसर लागतात. त्यामुळे उत्तम चालणारी पुष्कळ यंत्रेही त्या यादीबाहेर पडली. असे यंत्र लिनक्सवर चालविता येईल, किंवा इंटरनेटपासून तोडून केवळ जुळणीच्या कामास ठेवता येईल. मात्र काही जुन्या मराठी अक्षरप्रणाली यंत्रामागे खोचावयाच्या कुलपावाचून चालत नाहीत, आणि त्या कुलपाला लागणारा जुना प्रिंटर पोर्ट नव्या मदरबोर्डवर बहुधा नसतो. हेही आधीच पाहावे.

श्रोतेहो, येथवर पैशाचा विचार झाला. परंतु या यंत्रांत पैशाने न मिळणारी एक वस्तू असते. ती म्हणजे त्यांतील मजकूर. १९९० नंतरच्या पुष्कळ मराठी फाँटांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली होती. तो फाँट नसेल, तर फाईल उघडते, पण पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हे उमटतात. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली. तिच्यातील पाने आजची सॉफ्टवेअरे सहजी उघडीत नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि १९६३ च्या कायद्याने तेथील राजभाषा कन्नड झाली. म्हणून येथील मराठी व्यवहाराची लिखित साक्ष सरकारी दप्तरांपेक्षा संस्थांच्या अहवालांत, स्मरणिकांत, शाळांच्या वार्षिकांकांत आणि हे सारे जुळविणाऱ्या छोट्या दुकानांच्या हार्ड डिस्कवर अधिक सापडते. ती डिस्क एखाद्या दुपारी भंगारात गेली, तर त्या गल्लीचा पंचवीस-तीस वर्षांचा मराठी वृत्तांतही तिच्याबरोबर जाईल.

यास्तव पहिली कृती भाग बदलण्याची नसावी. आधी जुन्या डिस्कवरील सर्व फाईलींच्या दोन प्रती कराव्यात, त्यांचे फाँटही सोबत ठेवावेत. जुने सॉफ्टवेअर चालते आहे तोवरच प्रत्येक पानाची पीडीएफ काढावी. मग महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये आणून मूळ पानाशी ताडून पाहावा; रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या येथे हमखास चुका होतात. हे झाले म्हणजे निश्चिंतपणे एसएसडी बसवावी. जुनी डिस्क मात्र विकू नये. तिच्यावर सालाची चिठ्ठी चिकटवून, पावसाळ्याची ओल लागणार नाही अशा कपाटात ती ठेवून द्यावी.