कोळशाच्या वायूपासून विजेपर्यंत

१९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात जाऊन तेथील तेलाचा ओघ तुटला, तेव्हा पेट्रोलच्या टंचाईमुळे हिंदुस्थानातील कित्येक मोटारी लोणारी कोळशाच्या वायूवर चालू लागल्या. गाडीला जोडलेल्या बंद भट्टीत कोळसा अपुऱ्या हवेत जाळून निघणारा हा वायू इंजिनाला पुरविला जाई. गाडीची ताकद घटे, परंतु वाहतूक अडून राहत नसे.

 

आज जुन्या मोटारींचे इंजिन उतरवून तेथे विद्युत्‌मोटर व बॅटरी बसविली जाते. अशा संचांची तपासणी पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या मान्यताप्राप्त वाहन-चाचणी संस्था करतात आणि परिवहन कार्यालयाच्या दप्तरी इंधनाची नोंद बदलावी लागते. चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रांतील वीज दगडी कोळशापासूनच निर्माण होत असल्याने कोळशाशी असलेले नाते अद्याप सुटलेले नाही. तथापि युद्धकाळी मूळ इंजिन गाडीतच राहत असे, आता ते बाहेर पडते. म्हणून ज्याला वारशाची चाड आहे, त्याने उतरविलेले इंजिन भंगारात न घालता कागदपत्रांसह जतन करावे, हेच इष्ट होय.