कृष्णवर्णीयांचे साहित्य आणि मराठवाड्याचा जातिप्रश्न

लातूर म्हटले की आठवतो तो 'लातूर पॅटर्न' आणि गुणवत्ता यादी. हा पॅटर्न ज्या राजर्षी शाहू महाविद्यालयात आकाराला आला, त्याचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांचे दुसरे काम मात्र शहरी वाचकांना फारसे ठाऊक नसते. इंग्रजीच्या या अभ्यासकाने अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा आणि त्यांचे वाङ्मय मराठीत आणले. 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हा त्यांचा ग्रंथ त्याचेच फलित. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या 'पॉयझन्ड ब्रेड' या १९९२ च्या इंग्रजी संकलनातही कृष्णवर्णीय आणि दलित साहित्याची तुलना करणारा त्यांचा लेख आहे.

या तुलनेला जुनी परंपरा आहे. कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज गेल्याचे वाचून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकन विचारवंत डू बॉईस यांना पत्र लिहून त्याची प्रत मागवली होती. डू बॉईस यांनी त्याला उत्तरही पाठवले. पुढे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातील डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी नवोदित दलित लेखकांचे लक्ष तिकडच्या कृष्णवर्णीय लेखकांकडे वेधले. डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श' त्रैमासिकाने साठच्या दशकाच्या अखेरीपासून या लेखकांना व्यासपीठ दिले. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच अमेरिकेतून घेतले. तुलनेला मर्यादाही आहेत. वर्ण त्वचेवर दिसतो. जात आडनावावरून, वस्तीवरून, गावातल्या कामावरून विचारून घेतली जाते.

ग्रंथांतला हा विचार मराठवाड्याच्या खेड्यांत किती महाग पडतो, हे १९७८ साली दिसले. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै रोजी संमत केला आणि दलित वस्त्या पेटल्या. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत नांदेड होता. याच जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांची निर्घृण हत्या झाली. विद्यापीठाची पायरी कधी न चढलेल्या शेतमजुरांची घरे विद्यापीठाच्या नावावरून जाळली गेली, ही विसंगती तेव्हाही अनेकांना अस्वस्थ करून गेली.

तिचा उलगडा केला तो संशोधनाने. अत्याचार विरोधी समितीच्या कार्यकर्त्यांनी बाधित गावे हिंडून तयार केलेला अहवाल मे १९७९ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. गावकीची कामे नाकारणारे, शिकू लागलेले, मजुरीबद्दल बोलू लागलेले दलित सवर्णांच्या डोळ्यांत खुपत होते. नामांतर हे निमित्त ठरले, असे या मांडणीचे सार. डॉ. गोपाळ गुरू यांनीही १९९४ मध्ये त्याच साप्ताहिकात मराठवाड्यातील दलितविरोधी हिंसेची चिकित्सा केली.

वृत्तपत्रांचा इतिहास इतका सरळ नाही. निजामी राजवटीविरुद्ध झुंजलेले अनंत भालेराव यांचे दैनिक 'मराठवाडा' हे या प्रदेशाचे मानाचे पत्र. नामांतराला मात्र त्याचा विरोध होता. प्रादेशिक अस्मितेचा मुद्दा त्यांना प्रामाणिकपणे महत्त्वाचा वाटत असेलही, पण त्या भूमिकेमुळे दलित वाचक दुरावला आणि १९२० च्या 'मूकनायक'पासून मांडला गेलेला प्रश्न, म्हणजे आपले म्हणणे छापणार कोण, पुन्हा उभा राहिला.

आंदोलन सोळा वर्षे चालले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामांतराऐवजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळे झाले आणि पहिले कुलगुरू म्हणून आले ते जनार्दन वाघमारे.

प्रश्न संपला असे म्हणण्याची सोय नाही. जून २०२३ मध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेली येथे एका दलित तरुणाचा खून झाला. गावात आंबेडकर जयंती साजरी केल्याचा राग हे त्यामागचे कारण असल्याचे कुटुंबीयांचे म्हणणे होते. गुन्हा अॅट्रॉसिटी कायद्याखाली नोंदवला गेला. १९८९ च्या या कायद्याला २०१५ च्या दुरुस्तीने अधिक धार आली. त्याच्या १९९५ च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते. तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावी लागते आणि पीडितांना मिळालेली मदत, खटल्यांची प्रगती यांचा आढावा तेथे घ्यायचा असतो. या बैठकांची इतिवृत्ते माहिती अधिकाराखाली कोणालाही मागता येतात; पत्रकारालाही आणि संशोधक विद्यार्थ्यालाही.